सनद, दुकान आणि पहिली कमाई

नवी पेढी उघडताना व्यापारी पहिल्याच वर्षी नफ्याची अपेक्षा धरीत नाही. भांडवल किती लागेल, उधारी किती दिवस थांबेल, जम बसायला किती वर्षे जातील, याचा हिशोब तो आधी मांडतो. घरातील मुलगा वा मुलगी विधी शाखेकडे वळते, तेव्हा मात्र हा हिशोब बाजूला राहतो आणि ‘पगार किती मिळेल?’ एवढीच विचारणा होते.

या प्रश्नाचे उत्तर मार्गागणिक बदलते. नामांकित राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील निवडक विद्यार्थ्यांना मोठ्या विधी संस्था वार्षिक १५ लाखांपुढेही वेतन देतात. महाविद्यालयांच्या जाहिरातींत हेच आकडे झळकतात. पण दहा विद्यार्थ्यांपैकी एकाला २० लाख व उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी ३ लाख मिळाले, तरी सरासरी ४ लाख ७० हजार भरते. तो आकडा दहांपैकी एकाच्याही हाती पडलेला नसतो. म्हणून पालकांनी मध्यक वेतन विचारावे, आणि उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जणांना प्रत्यक्ष काम मिळाले हेही विचारावे. केंद्र शासनाच्या एनआयआरएफ क्रमवारीत सहभागी होणाऱ्या संस्थांना ही माहिती द्यावी लागते.

न्यायालयात वकिली करू इच्छिणाऱ्याची वाट याहून संथ असते. बार कौन्सिलकडे नोंदणी, अखिल भारतीय बार परीक्षा आणि मग ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी. या उमेदवारीत अनेकांना जाण्यायेण्याचा खर्चही सुटत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान २० हजार व ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असे सुचविले. पण ती शिफारस आहे, बंधन नव्हे.

न्यायाधीशपदाचा मार्गही आता याच उमेदवारीतून जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निर्णयानुसार दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक आहे. त्या पदाचे आरंभीचे मूळ वेतन दरमहा ७७,८४० रुपये आहे. मात्र तिथवर पोहोचण्यापूर्वीची तीन वर्षे घरालाच सांभाळावी लागतात.

व्यापारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. सनद घेऊन वकिली करणाऱ्यास स्वतः व्यापार करता येत नाही. वडिलोपार्जित व्यवसायातील वाटा त्याला ठेवता येतो. परंतु कारभारात प्रत्यक्ष भाग घेता येत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर वकिली थांबवावी लागते. ‘सकाळी न्यायालय, संध्याकाळी गादी’ हा बेत नियमात बसत नाही. दुकानच चालवायचे असेल, तर पदवी पुरे. करार, जागेचे दस्त, न वटलेले धनादेश, वस्तू व सेवा कर यांत ते ज्ञान रोज उपयोगी पडते. मात्र ही निवड प्रवेशापूर्वी, मुलांशी मोकळेपणाने बोलून व्हावी. चुलतभावाच्या गल्ल्याशी तिसऱ्या वर्षी तुलना करून नव्हे.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांची गणना होते. आश्रितावर शक्तीबाहेर भार घालणे आणि त्याचे अन्न अडविणे हे दोष श्रावकाने टाळावयाचे असतात. ज्येष्ठ वकील श्रावक असतील, तर कनिष्ठाला दरमहा ठरलेले मानधन देणे हा त्यांच्या व्रताचाच भाग ठरतो. कनिष्ठाने धावपळ करून केलेल्या कामाचे शुल्क अशिलाने, म्हणजे आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनीही, वेळेवर चुकते करावे.

घरानेही आपल्या बाजूने पदवीनंतरच्या तीन वर्षांचा मासिक खर्च शिक्षणखर्चातच धरावा, आणि मुलाइतकाच मुलीसाठीही धरावा. विवाहाची बोलणी सुरू झाली म्हणून तिची उमेदवारी अर्ध्यावर सोडवणे म्हणजे भांडवल घालून उभी केलेली पेढी जम बसण्याआधीच बंद करणे होय.