डेर, डी, दास आणि आपली मराठी

पुण्यातल्या काही शाळांत आठवीपासून संस्कृतऐवजी जर्मन घेता येते. मार्कांच्या हिशेबाने ती घेतलेली मुले सहामाहीपर्यंत नामाआधी येणाऱ्या डेर, डी, दास या उपपदांच्या तक्त्यांनी मेटाकुटीला येतात. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी : डेर लोफेल, डी गाबेल, दास मेसर. इथे पाठांतराला पर्याय नाही, हे खरेच. पण तीन लिंगे आपल्या मुलांना नवी कुठे आहेत? तो डोंगर, ती नदी, ते झाड, हे तर ती बोलू लागल्यापासून म्हणतात. नाम कर्म झाले की ‘डेर’चे ‘डेन’ होते (तेही फक्त पुल्लिंगी एकवचनात). तिथे ‘मुलगा’चे ‘मुलाला’ कसे होते, ते आठवावे. ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, आले की क्रियापद उपवाक्याच्या शेवटी जाते. मराठीत ते एरवीही शेवटीच असते. इंग्रजीत यातले फारसे काहीच नाही, तरी वर्गात समजावणे चालते ते इंग्रजीतून. आधाराची भाषा मुलांच्या तोंडात असताना त्यांना लांबच्या वाटेने नेणे मला अन्यायाचे वाटते. जर्मनच्या शिक्षकांना कळकळीची विनंती : फळ्यावर जर्मन तक्त्याशेजारी मराठी विभक्तीचा तक्ताही लिहा.