जुनी जीप : दुरुस्ती की देखावा?

(बी. ए. भाग २)

आमच्या अंगणात निंबाच्या झाडाखाली एक जीप उभी आहे. सहा वर्षे ती जागची हलली नव्हती. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याकडे बघून दोनपैकी एक सल्ला देतोच. वडीलधारा पाहुणा म्हणतो, "कायले जागा अडवून ठेवली? भंगारात घाला." माझ्या वयाचा म्हणतो, "रुंद टायर टाक, वर उचल, काळा रंग मार, मग बघ गावात कसा भाव मिळतो!" हे दोन्ही सल्ले मला पटत नाहीत. ते का पटत नाहीत, हे सांगण्यासाठी हा लेख. कला शाखेच्या वार्षिकांकात जीपचे काय काम, असा प्रश्न काही प्राध्यापकांना पडेल. त्याचेही उत्तर मी शेवटी देणार आहे.

जीप ही मूळची लढाईची गाडी. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखान्यांकडे एका हलक्या आणि चारही चाकांना ओढ असणाऱ्या गाडीची मागणी केली. बँटम नावाच्या एका लहान कंपनीने ४९ दिवसांत पहिली गाडी तयार करून दिली. पुढे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपले त्याच वर्षी, ऑक्टोबर १९४५ मध्ये, महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये इकडच्या कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. या कंपनीने विलीजकडून परवाना घेतला व मुंबईत माझगावला जीप जोडण्यास सुरुवात केली. सुटे भाग जहाजाने यायचे आणि आपल्या कामगारांच्या हातांनी त्यांची गाडी व्हायची. म्हणजे आपल्या देशात जीप आली तीच मुळी सुटी होऊन!

१९५३ साली विलीजने 'सीजे-३बी' हे मॉडेल काढले. त्याच्या नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर आले, इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. जुन्या फोटोंत जी उंच नाकाची जीप दिसते ती हीच. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले. आपल्याकडे मात्र त्याच घराण्यातल्या गाड्या त्यानंतरही कित्येक वर्षे बनत राहिल्या.

बुलढाणा जिल्ह्याला ही गाडी मानवली याचे कारण आपली जमीन. आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा अशा दोन भागांत विभागलेला. मोताळा-मलकापूरकडे जायचे तर राजूर घाट, खामगावकडे जायचे तर बोथ्याचे जंगल. घाट उतरून खाली जावे तर काळी माती. पावसाळ्यात ही माती चाकाला अशी चिकटते की मागची दोन चाके जागच्या जागी फिरतात. पुढच्या चाकांनाही ओढ मिळाली तरच गाडी निघते. त्यामुळे साहेबाची जीप, निवडणुकीची जीप, बाजाराच्या दिवसाची जीप असे जीपचे अनेक अवतार आपल्या आईवडिलांच्या पिढीने पाहिले. त्यांतल्या कितीतरी आज गोठ्यामागे, झाडाखाली, काट्याकुट्यांत पडून आहेत.

आमची जीप त्यांतलीच एक. तिच्या पुस्तकात नोंदणीचे साल १९७० आहे. आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतली. इंजिन पेट्रोलचे, २.२ लिटरचे. बाबांच्या हाती ती आली तेव्हा पेट्रोल परवडेना. कापसाची गाठोडी आणि बाजाराची माणसे नेऊन जे सुटायचे त्यातले निम्मे टाकीतच जायचे. म्हणून १९९८ च्या सुमारास मिस्त्रींनी जुने इंजिन काढले व एका अपघातातल्या 'एमएम ५४०' चे डिझेल इंजिन तिच्यात बसवले. ते इंजिन प्यूजो बनावटीचे. वजनाला जड म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला. पुढची वीस-एकवीस वर्षे ती गाडी चालली आणि आमचे घरही तिच्यावर चालले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा, मिस्त्रीचाचा आणि मी असे तिघांनी ती दुरुस्त करायला घेतली. मी पाना उचलला तेव्हा चाचा म्हणाले, "बेटा, पहले फोटो निकाल, फिर नट खोल." पहिल्या दिवसाचा हाच धडा. खोलायला कोणालाही येते. खोललेले पुन्हा जिथल्या तिथे बसवता यावे, म्हणून आधी नीट बघावे लागते. आम्ही प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवले आणि डब्यावर चिठ्ठी लावली.

पायाखालचे रबर उचलले तर खाली पत्राच नव्हता, नुसता गंज होता. बाहेरून पत्रा गुळगुळीत दिसत होता. घासपेपर लावला तेव्हा समजले की मागे कधीतरी रंगवणाऱ्याने गंजावरच बोटभर लांबी भरून वर रंग मारला होता. ती सगळी लांबी खरवडावी लागली, सडलेला पत्रा कापावा लागला, नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा लागला आणि मगच लाल ऑक्साइडचा हात देता आला. या कामात माझे बारा दिवस गेले. रंगाला दोन दिवस पुरले.

रुंद टायरची हौस मलाही होती. मोबाइलवर तशा जीप मी रोज बघत होतो. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरचे मंडी डबवाली हे गाव तर जीप नटवण्याच्या धंद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. मी चाचांकडे हट्ट धरला. ते रागावले नाहीत. त्यांनी मला चाकाजवळ बसवले आणि ड्रम उघडून दाखवला. या जीपला चारही चाकांना ड्रमचेच ब्रेक आहेत आणि त्या चारींना तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकच, तोही एकाच रांगेचा. कुठेही एक नळी फुटली तर चारही ब्रेक एकदम जातात. हातब्रेक चाकांना नाहीच, तो मागच्या दांड्यावर. मोठे जड चाक लावले की ते थांबवायला जास्त जोर लागतो आणि ब्रेक तर तेवढाच राहतो. एक्सलवर ताण वाढतो, स्टिअरिंग जड होते. गाडी वर उचलली की तिचा तोल वर जातो. राजूर घाटाच्या वळणावर अशी गाडी कशी वागेल, हे सांगायला विज्ञान शाखेचा विद्यार्थी लागत नाही. माझी हौस त्या दुपारीच फिटली. टायरसाठी जमवलेल्या पैशांतून आम्ही मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, नळ्या आणि लायनर नवे आणले.

मित्रहो, दुरुस्ती आणि देखावा यांतला फरक मला इथे कळला. गाडी काय काम करते आणि कुठे कमकुवत आहे हे बघून केलेला बदल म्हणजे दुरुस्ती. बघणाऱ्याला काय वाटेल हे ठरवून केलेला बदल म्हणजे देखावा. गंजावर भरलेली लांबीही देखावाच.

पण गोष्ट इथे संपली नाही. जीप चालू झाली आणि तिचे नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी मी कागद काढले. आमच्या घरात ते इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा मी पहिलाच. त्यात इंजिनचा जो क्रमांक होता तो आमच्या इंजिनवर नव्हता. इंधनाच्या रकान्यात पेट्रोल होते. सत्तावीस वर्षांपूर्वी बदललेले इंजिन पुस्तकात कधी चढवलेच नव्हते! बाबांना विचारले तर ते म्हणाले, "मले कोनं सांगतलं? इंजिन चाललं, मंग म्या कशाले पुसू?"

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा फेरफाराला परवानगी लागते आणि परवानगीवाचून तो झाला असेल तर १४ दिवसांत कळवावे लागते. कारखानदाराच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात दिला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. चूक आमची आहे, हे मी आधीच कबूल करतो.

दुसरीकडे जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने वेगळे नियम केले. ५० वर्षांवरील दुचाकी व चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून नोंद मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या कामाला किंवा धंद्याला लावता येत नाही. शिवाय अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा.

आता बघा. आमची जीप वयाने या नियमात बसते, परंतु इंजिनने बसत नाही. साध्या नोंदणीला गेलो तर तिथेही इंजिन आडवे येते. बाबांना मी हे सगळे वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "देखाव्याची गाडी वावरात चालत नाही, अन् वावरातली गाडी देखाव्याले बसत नाही."

माझ्या मते बाबांनी नियमाचे मर्म एका वाक्यात सांगितले. पन्नास वर्षे जशीच्या तशी कोणाची गाडी राहते? ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, बंद गॅरेज आहे आणि पेट्रोलच्या भावाची फिकीर नाही, त्याची. ज्याने गाडीवर पोट भरले त्याला ती बदलावीच लागली. म्हणजे राबलेली गाडी वारसा ठरत नाही आणि न राबलेली ठरते. पण आपल्या भागातल्या जीपचा खरा इतिहास तिच्यात झालेल्या बदलांतच लिहिलेला आहे. आमच्या जीपचा वाढवलेला पाटा हा तिच्या मूळ रंगाइतकाच पुरावा आहे.

यावर कोणी म्हणेल, मग काय सगळ्यांना मोकळे रान द्यायचे? नाही. उचललेल्या आणि वेड्यावाकड्या टायरच्या गाड्या रस्त्यावर दुसऱ्यांचाही जीव घेऊ शकतात. जुन्या डिझेलचा धूर लहान पोरांच्या छातीत जातो. हे आक्षेप खरे आहेत. म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. फार वर्षांपूर्वी इंजिन बदललेल्या जुन्या गाड्यांना सरकारने एकदाच, ठरावीक मुदतीसाठी, खरे सांगण्याची संधी द्यावी. मालकाने दंड भरावा. तपासणी केंद्रात ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि धूर यांची परीक्षा व्हावी. जी गाडी उत्तीर्ण होईल तिच्या पुस्तकात खरे इंजिन लिहिले जावे आणि जी होणार नाही ती भंगारात जावी. पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले व नंतर ते आणखी वाढले. पैसे वाढवून जुनी गाडी सुरक्षित होत नाही. तपासून होते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याचा या सगळ्याशी काय संबंध? पाटा, लांबी, लायनर, मास्टर सिलिंडर या शब्दांचे अर्थ मला या सुट्टीत एका अशा माणसाने शिकवले, जो चौथीनंतर शाळेत गेला नाही. इंजिनचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह बिघडला हे तो सांगतो. त्याच्या ज्ञानाचा एकही कागद कुठे नाही आणि त्याची मुले त्या धंद्यात नाहीत. उलट बाबांचे नुकसान झाले ते हाताचे कसब कमी होते म्हणून नव्हे, कागद वाचता आला नाही म्हणून. ज्याच्या हातात कसब त्याच्याकडे कागद नाही, आणि आम्ही कागद शिकतो तर पाना धरायची लाज वाटते. ही दरी आमच्या पिढीने बुजवली नाही तर कोण बुजवणार? मी एक वही घातली आहे. त्यात चाचांचा एकेक शब्द, त्याचा अर्थ आणि ते काम कसे करतात ते लिहितो आहे. आजवर ११४ शब्द झाले. मराठी विभागाने मनावर घेतले तर सुतार, लोहार, गवंडी यांच्या अशा वह्या आपल्याच महाविद्यालयात तयार होतील.

जीपचे काय ठरले, असे विचाराल. भंगारात घालायची नाही आणि नटवायचीही नाही. जुने पेट्रोल इंजिन मिळवून पुन्हा बसवले तर कागद जुळतील, पण मग ती कामाची राहणार नाही, असा हा पेच आहे. मी अर्ज लिहिला आहे, त्यात जे आहे ते सर्व खरे लिहिले आहे. उत्तर येईपर्यंत जीप रस्त्यावर न्यायची नाही असे बाबांनीच ठरवले. रविवारी सकाळी ते तिच्यात बसतात, चावी देतात, अंगणातून फाटकापर्यंत नेतात आणि तिथे ब्रेक दाबून थांबवतात. मग मागे घेऊन पुन्हा निंबाखाली लावतात.