तिसऱ्या पिनवर राग नको!

हल्ली लहान गावांतल्या घरांतूनही टीव्हीशेजारी स्पीकर आले आणि त्यांच्या मागोमाग ती घुरघुरही आली. मालिका सुरू व्हायच्या आधीच ‘घुंऽऽ’ ऐकू येतं. बहुतेक घरांत ‘तो तसाच वाजतो’ म्हणून आवाज आणखी वाढवतात. फारच झालं तर कुणीतरी जाणकार पक्कड घेऊन येतो, प्लगची जाड पिन उपटून टाकतो. घुरघुर बंद! सगळे खूश. मला मात्र या खुशीचीच भीती वाटते.

मैत्रिणींनो, कुकरच्या शिट्टीवरून, फोडणीच्या आवाजावरून आत काय चाललंय ते आपण ओळखतो ना? मग स्पीकर तेवढा ‘पुरुषांचं खातं’ कसा? त्याचे आवाजही ओळखता येतात. आवाजाचं बटण फिरवताना खरखर झाली, तर आत धूळ बसलेली असते. वायर हलली की कटकट होत असेल, तर जोड ढिला आहे. मोठ्या आवाजात काहीतरी थरथरत असेल, तर आधी स्पीकरवरची फुलदाणी उचलून बघा! फोन वाजण्याआधी टर्र-टर्र ऐकू आलं, तर मोबाइल लांब ठेवा. आणि सलग, जाड ‘घुंऽऽ’ असेल, तर तो बहुधा विजेचा. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, तोच सूर स्पीकरमधून येतो.

तो कुठून शिरतो, हे शोधायला तांदूळ निवडायचा धीर हवा, एवढंच. सगळं बंद करून टीव्हीकडून, सेट टॉप बॉक्सकडून येणाऱ्या वायरी काढा. नुसता स्पीकर चालू करा. तरी घुरघुरला तर दोष त्याच्यातच, दुरुस्तीला द्या. गप्प राहिला तर परत बंद करून एकेक वायर जोडत जा. जी जोडल्यावर आवाज येईल, तिथे चोर! पुष्कळदा तो छतावरून येणाऱ्या केबलच्या वायरीतून येतो.

असं का होतं? टीव्ही एका बोर्डवर, स्पीकर दुसऱ्या बोर्डवर. दोघांची जमिनीकडे जाणारी वाट वेगळी आणि मध्ये आवाजाची वायर. या फेऱ्यातून थोडीशी वीज फिरत राहते आणि ती ऐकू येते. म्हणून दोन्ही वस्तू एकाच चांगल्या बोर्डवर लावून बघा. आवाजाची वायर विजेच्या वायरीला बिलगून नेऊ नका. एवढ्यानं भागलं नाही तर आवाजाच्या वायरीत बसवायचा छोटा ‘आयसोलेटर’ मिळतो.

पण पिन उपटणं हा उपाय नव्हेच! ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. ती इतर दोघींपेक्षा लांब का असते, ठाऊक आहे? प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. आत वायर सुटून पत्र्याच्या अंगाला लागली, तर वीज तिच्यातून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिनच नसेल तर २३० व्होल्ट त्या पत्र्यावर कुणाचा तरी हात लागायची वाट बघत बसतात. आणि दिवसभर घरात हात कुणाचा लागतो? आपला, ओल्या फडक्यानं पुसताना. नाहीतर रांगणाऱ्या बाळाचा.

काही वस्तूंना दोनच पिना असतात, त्यांचं वेगळं. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तिची रचनाच अर्थिंगशिवाय चालण्यासाठी केलेली असते. पण कंपनीनं तीन दिल्या असतील, तर तिन्ही हव्यात.

बचत गटाच्या कामानिमित्त घरोघरी जाते तेव्हा दिसतं की भिंतीवर तीन भोकांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. भाड्याच्या घरात तर विचारायची सोयच नाही. का नाही? नळाला पाणी नसलं तर घरमालकाला विचारतोच ना आपण! अंगणात मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल, तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला हवं. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. खड्डा कुठे आहे हे घरातल्या बाईला माहीत असायलाच हवं. शिवाय ३० मिलिअँपियरची गळती झाली तरी वीज तोडणारा स्विच मेन बोर्डात बसवून घेता येतो. साडीच्या खरेदीआधी त्याचा विचार करा, असं मी हक्कानं सांगेन.

बोर्ड उघडायचं काम वायरमनचंच, त्यात हात घालू नका. पण त्याला ‘अर्थिंग तपासून दाखव’ असं सांगायचं काम मात्र आपलं. येत्या हळदीकुंकवाला वाणात प्लास्टिकचे डबे देण्याऐवजी गावातल्या वायरमनदादांना अर्ध्या तासासाठी बोलवा की! घुरघुर थांबेलच, पण घरातली माणसं सुखरूप राहतील, ते जास्त मोलाचं.