विश्लेषण : काळवीट पाहायचे कोणी, खर्च सोसायचा कोणी?

अमेरिकेत परराज्यातील शिकाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या जादा शुल्कावरून जुना वाद आहे. शुल्क वाढवत नेले, तर सार्वजनिक जमिनींच्या पाठीशी उभे राहणारे लोकच दूर जातील का, असा तो प्रश्न. भारतात शिकारीला बंदी असल्याने हा वाद आपल्याला लागू नाही असे वाटू शकते. मात्र येवला तालुक्यातील ममदापूर, राजापूर परिसरातील काळविटांकडे पाहिले, तर तोच प्रश्न उलट बाजूने समोर येतो.

अमेरिकेतील वाद काय?

अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. देशाच्या एकूण भूभागाच्या चौथ्या हिश्शाहून ती अधिक असून बरीचशी पश्चिमेकडील राज्यांत आहे. ही जमीन सर्व नागरिकांची मानली जाते. त्यावरील वन्यप्राण्यांचे व्यवस्थापन मात्र प्रामुख्याने राज्ये करतात आणि शिकारीचे परवानेही तीच देतात. त्यामुळे स्थानिकाला स्वस्त आणि बाहेरच्याला महाग, अशी रचना रूढ झाली. मोंटाना राज्यात १९७६ मध्ये एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी स्थानिकाला ९ डॉलर लागत. परराज्यातील शिकाऱ्याला मात्र २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हौसेची शिकार हा मूलभूत हक्क नाही, असे सांगत न्यायालयाने १९७८ मध्ये हा फरक वैध ठरवला.

पैसा जातो कुठे?

परवाना शुल्क हा राज्यांच्या वन्यजीव विभागांचा मोठा आधार आहे. त्याला १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याची जोड आहे. बंदुका आणि काडतुसांवरील १० ते ११ टक्के कर या कायद्यानुसार वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळतो. राज्याचे क्षेत्रफळ आणि परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या पाहून वाटप होते. परवाना शुल्काचा पैसा अन्यत्र वळवायचा नाही, ही त्यासाठीची अट आहे. म्हणजे बाहेरचा माणूस जास्त पैसे देतो, त्यातून अधिवास राखला जातो आणि पैसे देणाऱ्याला त्या जमिनीविषयी आस्था राहते. टीकाकारांचे म्हणणे असे की, शुल्क आवाक्याबाहेर गेले तर ही आस्थाही आटेल.

आपल्याकडे हा मार्ग का नाही?

मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्यात परवान्याने शिकारीची सोय होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंदच झाले. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन ते कमाल सात वर्षे तुरुंगवासाची शिक्षा आहे. दुसऱ्या अनुसूचीतील रानडुक्कर, नीलगाय पिकांचे नुकसान करत असतील, तर मारण्याची परवानगी देता येते. काळविटाबाबत या कारणासाठी तशी मुभा नाही. शिकारीतून मिळणारा पैसाही त्यामुळे नाही, आणि तो नसावा यावर आता फारसे दुमत नाही. मात्र खर्च शिल्लक राहतोच.

मग किंमत कोण देते?

ममदापूर राखीव संवर्धन क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे आहे. येवल्याचा हा उत्तर-पूर्व पट्टा कमी पावसाचा आणि माळरानाचा. काळविटाला कुंपण ठाऊक नसते. पावसाळ्यात कोवळी पिके, उन्हाळ्यात पाणी, यासाठी कळप शेतांकडे वळतात. रस्त्यावर वाहनाची धडक, कठडा नसलेली विहीर, मोकाट कुत्री हे धोके तिथेच असतात. शेतकऱ्याचे बियाणे आणि पेरणीची वेळ दोन्ही वाया जातात. दुबार पेरणी करावी, तर जमिनीतली ओल निघून गेलेली असते. हरणांनी केलेल्या नुकसानीला शासनाची भरपाई आहे, पण त्यासाठी तक्रार, पंचनामा, कागदपत्रे आणि हेलपाटे आलेच. थोड्या गुंठ्यांतल्या नुकसानीसाठी अनेक जण त्या वाटेला जात नाहीत. म्हणजेच संवर्धनाची वर्गणी गावकरी भरतो, फक्त त्याची पावती फाटत नाही. मोबाइलमध्ये छायाचित्रे घेऊन जाणाऱ्या पाहुण्यावर या नुकसानीचा काहीच भार पडत नाही.

बाहेरच्यांकडून जास्त शुल्क घ्यावे का?

तत्त्वतः घ्यावे, पण दोन अटींवर. एक, रक्कम इतकी नसावी की येवला, मनमाड, नाशिकमधील शाळांच्या सहलीच बंद पडतील. माळरान म्हणजे पडीक जमीन, हा समज मोडण्यासाठी पाहणारे डोळे हवेतच. दोन, पैसा त्याच गावांत दिसावा. पाणवठ्यात टँकर, विहिरींना कठडे, पंचनाम्यासाठी मदत आणि स्थानिक तरुणांना वाटाड्याचे काम, असा तो खर्च झाला तर शुल्काला अर्थ आहे. पाणवठा जंगलात भरलेला असेल, तर कळप शेतात कमी येतील, हा सरळ हिशेब आहे.

कायदा काय म्हणतो?

व्याघ्र प्रकल्पांसाठी प्रतिष्ठान स्थापून पर्यटनाचा पैसा तिथेच वापरण्याची तरतूद वन्यजीव कायद्यात आहे. राखीव संवर्धन क्षेत्रासाठी तशी तरतूद नाही. मात्र त्यासाठी व्यवस्थापन समिती सांगितलेली आहे. तिच्यात वन विभागाबरोबर क्षेत्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, तीन स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी, तसेच कृषी आणि पशुसंवर्धन विभागाचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असतो. समितीची भूमिका सल्ल्याची आहे. तरीही शुल्क किती, खर्च कशावर आणि हिशेब ग्रामसभेत कधी, हे तिला मांडता येते.

पुढे काय?

अमेरिकेत काळजी आहे ती पैसे देणारा बाहेरचा माणूस दुरावण्याची. येवल्यात काळजी हवी ती घरच्याच माणसाची. काळवीट टिकले ते केवळ कायद्यामुळे नव्हे. पीक खाल्ले तरी शेतकऱ्याने त्याच्यावर हात उचलला नाही, हेही त्याचे कारण आहे. ही सहनशीलता कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ती संपली, तर ५४ चौरस किलोमीटरची राखण मोजक्या वनरक्षकांच्या बळावर होणार नाही.