अमेरिकेला निघताना आधी तारीख बघा

मुलांकडे अमेरिकेला निघालात, छान झालं. बॅगा भरायच्या आधी तिकीट हातात घ्या आणि शांतपणे वाचा. मुलाने फोनवर सगळं सांगितलं असेल, तरी स्वतः वाचा.

सर्वात आधी तारीख बघा. मुंबईहून अमेरिकेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ०१:३० ही वेळ असेल, तर १४ तारखेला रात्री जेवून तुम्ही विमानतळावर असायला हवं. साडेदहापर्यंत पोचा. १५ च्या रात्री गेलात, तर विमान केव्हाच गेलेलं असेल. चांगली शिकलीसवरलेली माणसंही इथे फसतात. म्हणून कॅलेंडरवर १४ भोवती गोल करा, १५ भोवती नको. पुण्याहून येणार असाल, तर घाटातली कोंडी धरून दुपारच्या चहानंतर लगेच निघा.

आता प्रवास किती तासांचा ते. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाला १५-१६ तास लागतात. वाटेतल्या एखाद्या देशाने आपल्या विमानांना वाट बंद केली, तर वळसा पडून आणखी वेळ जातो.

तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी मात्र करू नका. सुटायची वेळ मुंबईची असते, उतरायची न्यूयॉर्कची. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे रात्री दीडला निघून त्याच तारखेला सकाळी उतरता आणि कागदावर प्रवास पाच-सहा तासांचा दिसतो! परतताना उलट होतं. आज निघालात की उद्याची तारीख लागते. घ्यायला येणाऱ्याला उतरायची तारीख कळवा.

दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदलायचं असेल, तर एकूण २० ते २४ तास सहज जातात. चार पैसे वाचतात म्हणून मध्ये तासाभराचाच वेळ असलेलं तिकीट घेऊ नका. अमेरिकेत उतरून पुढे दुसरं विमान धरायचं असेल, तर बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर पासपोर्ट तपासतात. बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात. तिथे तीन तास तरी हाताशी ठेवा. गुडघे दुखत असतील, तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

विमानात बाथरूमला उठावं लागेल म्हणून आपली मंडळी पाणीच पीत नाहीत. असं करू नका. इतके तास एकाच जागी बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. कडेची सीट मागून घ्या, पाणी प्या, अधूनमधून उठून चाला.

औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. आणि ‘सकाळची गोळी’ म्हणजे नेमकी कुठली सकाळ, मुंबईची की न्यूयॉर्कची? हे मनाने ठरवू नका. निघायच्या आठवडाभर आधी तिकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि प्रवासाच्या दिवसाच्या गोळ्यांच्या वेळा त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.