ज्याने त्याने आपल्या घरात राहावं!

परवा एका मित्राशी या विषयावरून चांगलंच वाजलं, म्हणून या वीकेंडला हेच.

प्रसंग जुना आहे, आधीच्या नोकरीतला. एका सर्व्हरवर पाच-सहा क्लायंट रोज रात्री फायली टाकायचे. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, होम डिरेक्टरी वेगळी. एके दिवशी एका क्लायंटचा फोन आला, "आम्हाला दुसऱ्या कंपनीचे रेट दिसतायत, ते मुद्दाम ठेवलेत का?" बिचाऱ्याने हॅकिंग वगैरे काही केलं नव्हतं. फाइलझिलात एक पायरी वर गेला होता, बस्स! आणि सेटअप कोणाचा? अस्मादिकांचा.

मित्राचं म्हणणं, "परमिशन्स नीट लाव की. लोकांना कोंडायचं कशाला? क्लायंटवर विश्वास नको?"

अरे, सोसायटीतले सगळे सज्जन आहेत म्हणून आपण सगळ्या फ्लॅटना एकच किल्ली करतो का? आणि ते 'नीट' कधी होतं? उबंटूवर नवी होम डिरेक्टरी वर्षानुवर्षं ७५५ ने बनायची, म्हणजे सगळ्यांना वाचायला खुली. ती ७५० व्हायला २०२१ साल उजाडलं. एक फाइल चुकली की बोंब. यूझरला त्याच्या फोल्डरपलीकडचं जगच दिसलं नाही, तर आपल्या दहा चुका पोटात जातात.

'फार कटकट आहे' हे कारणही आता शिळं झालंय. सीएचरूट युनिक्समध्ये १९७९ पासून आहे. पूर्वी त्यात लायब्ररीज, शेल सगळं कॉपी करत बसावं लागायचं, मान्य. पण २००८ मध्ये ओपनएसएसएचमध्येच 'सीएचरूट डिरेक्टरी' आणि 'इंटर्नल एसएफटीपी' आलं. चार-पाच ओळींचं काम. (आणि साधं एफटीपी वापरत असाल तर पासवर्ड उघडा-वाघडा जातो, ते आधी बंद करा.)

खरा राग मला पुढच्या पायरीचा आहे. सीएचरूट लावलं की लॉगिन होत नाही. लॉगमध्ये येतं की डिरेक्टरीची मालकी चुकीची आहे. मग आपला हीरो गूगल करतो. व्हीएसएफटीपीडी असेल तर 'अलाव रायटेबल सीएचरूट'ला यस, आणि चहाला पसार!

अहो, ती अट कोणी छळायला घातलेली नाही. कोंडलेल्या यूझरसाठी त्याचा फोल्डर हाच रूट. तिथे त्याला लिहिता आलं तर तो स्वतःचा 'ईटीसी' फोल्डर बनवू शकतो, आणि रूटच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम त्यालाच खरा समजून फसू शकतो. उपाय किती सोपा! वरचा फोल्डर रूटच्या मालकीचा, इतरांना लिहायची बंदी. त्याच्या आत यूझरच्या नावे एक 'अपलोड' फोल्डर. झालं.

सीएचरूट म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे, हेही सांगतो. रूटचा अधिकार असलेला त्यातून बाहेर पडू शकतो. शेल आणि पोर्ट फॉरवर्डिंग वेगळं बंद करावं लागतं. पण दाराला बॉम्ब लागू शकतो म्हणून कोणी कडी लावायची सोडत नाही.

असो. उद्या ऑफिसला गेलात की एकच करा. क्लायंटसारखं एक टेस्ट लॉगिन बनवा, आत शिरा आणि एक पायरी वर जाऊन बघा. शेजाऱ्यांची नावं दिसली, तर मला शिव्या नंतर घाला. क्लायंटचा फोन यायच्या आत तेवढं दार लावा.