तीन टक्क्यांचा वीकेंड

सिंगापूरला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो एक फोटो असतोच. तीन उंच टॉवर आणि त्यांच्या डोक्यावर कुणीतरी विसरून ठेवल्यासारखं जहाज. मरीना बे सॅण्ड्स! २०१० साली उघडलं, डिझाइन मोशे सफदी यांचं, आणि वर ५७व्या मजल्यावर तो इन्फिनिटी पूल. ओळखीतलं कुणी ना कुणी दर दोन महिन्यांनी मला विचारतंच, "अगं, तू जाऊन आलीयस ना? वीकेंडमध्ये जमेल का? आणि कॅसिनोचं काय?"

तर मंडळी, जमतं. आणि झक्कास जमतं. फक्त प्लॅन करण्याआधी एक आकडा डोक्यात ठेवा. या अवाढव्य रिसॉर्टच्या एकूण जागेपैकी कॅसिनोनं व्यापलेली जागा ३ टक्क्यांहूनही कमी आहे. बाकी सगळं हॉटेल, मॉल, मॉलमधला कालवा आणि त्यात फिरणाऱ्या होड्या, थिएटर, म्युझियम, कन्व्हेन्शन सेंटर. पण कमाईतला सगळ्यात मोठा वाटा येतो त्या इवल्याशा ३ टक्क्यांतून. म्हणजे बाकीचा सगळा मांडव. लग्न लागतं ते आत!

म्हणून माझा साधा फंडा आहे. त्यांनी जागेचे ३ टक्के दिलेत ना, आपण वेळेचे ३ टक्के द्यायचे. शनिवार-रविवारचे ४८ तास, त्याचे ३ टक्के म्हणजे ८६ मिनिटं. हसू नका, मी खरंच मोबाइलवर अलार्म लावते.

आता प्लॅन. शुक्रवारी रात्री मुंबईहून निघायचं. साडेपाच तासांचं फ्लाइट, घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे शनिवारी सकाळी तिथे. व्हिसा लागतो, आणि उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं. हे आठवड्यात उरकून टाका. रूमचं भाडं बघून डोळे पांढरे होतात, म्हणून शनिवारची एकच रात्र घ्यायची. चेक-इन दुपारी ३ ला. तोवर बॅगा हॉटेलात टाकून सरळ लिटल इंडियात, सेरंगून रोडच्या कोमला विलासमध्ये डोसा. १९४७ पासूनचं हॉटेल आहे, आणि तिथली फिल्टर कॉफी प्यायली की विमानातलं जागरण उतरतं. डाउनटाउन लाइनची मेट्रो तिथून थेट बेफ्रंटला, म्हणजे रिसॉर्टच्या पायाशीच आणून सोडते.

एक गोष्ट आपल्याकडच्या टूर ग्रुपांत हमखास होते. लोक वरच्या गॅलरीचं तिकीट काढतात आणि पोहायचे कपडे घेऊन जातात! त्या तिकिटात पोहणं नाही. पूल फक्त हॉटेलात राहणाऱ्यांसाठी. रूमचा खर्च करायचाच असेल तर तो याच एका गोष्टीसाठी, असं माझं स्पष्ट मत. रूम काय, रूमसारखीच असते.

आणि कॅसिनो? दुपारी ४ ते साडेपाच. रात्री नाही. शनिवारी रात्री गर्दी उसळते आणि टेबलावर लावायची किमान रक्कमही चढते. शिवाय साडेपाचनंतर दुसरं काहीतरी ठरलेलं असणं फार महत्त्वाचं. आत खिडकी नाही, बाहेर उजाडलं की मावळलं कळत नाही, चहा-कॉफी फुकट. उठायला कारण लागतं बॉस. आपलं कारण म्हणजे ७ च्या सुमाराचा सूर्यास्त, पाण्यात उभं राहून, समोर अख्खं शहर.

आता पैशांचं. सिंगापूरच्या नागरिकाला आणि तिथल्या पर्मनंट रेसिडेंटला या दारातून आत जायला २४ तासांसाठी १५० डॉलर मोजावे लागतात. सुरुवातीला १०० होते, २०१९ मध्ये वाढवले. शिवाय तिथल्या कुटुंबाला अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोत येण्यापासून रोखता येतं. आणि आपण? वय २१ पूर्ण, हातात पासपोर्ट, एंट्री फुकट! भारी वाटतं ना? आपल्याला आलिशान पाहुणचार मिळतोय असं वाटतं. जरा गोव्याकडे बघा. तिथेही मांडवीतल्या बोटींवर गोव्याच्याच लोकांना २०२० पासून मज्जाव, आपण मुंबई-पुण्याची माणसं मात्र खुशाल. दोन्हीकडे हिशोब तोच. घरच्यांना सांभाळा, पाहुण्यांना येऊ द्या.

मागच्या खेपेला त्या दाराबाहेर, मॉलमधल्या बाकावर एक मराठी ताई भेटल्या. मांडीवर तीन-चार वर्षांचा मुलगा झोपलेला. लहान मुलांना आत सोडत नाहीत, त्यामुळे दोघांपैकी एकानं बाहेर थांबायचं. मी आतून येताना दिसले म्हणून त्यांनी विचारलं, "आत रेंज मिळते ना हो?" मी म्हटलं, मिळते. त्या म्हणाल्या, "दहा मिनिटांत येतो म्हणाले होते. तीन फोन केले." मी शेजारी बसले. मुलाचे बूट काढून त्यांनी बॅगेत ठेवलेले, रात्रीच्या बोटीची तिकिटं काढलेली, ती वेळ निघून गेलेली. पाऊण तासानं नवरा आला. कपाळावर घाम, चेहऱ्यावर हसू. "चला, जेवायचं ना?" ताई काही बोलल्या नाहीत. मुलगा उचलून त्याच्याकडे दिला आणि पुढे चालू लागल्या. किती गेले, हे त्या बाकावर तरी कुणी विचारलं नाही.

म्हणून मी माझी लेव्ही मीच लावते. १५० डॉलर, म्हणजे दहा हजाराच्या आसपास, एका पाकिटात. आत जातानाच ते खर्चात मांडायचे, जसं नाटकाचं तिकीट. कार्ड रूमच्या लॉकरमध्ये. जोडीनं गेलात तर हा आकडा विमानात बसण्याआधी दोघांनी मिळून ठरवा. आत गेल्यावर नाही.

आणि थोडं गणित. रूलेच्या चाकावर १ ते ३६ आणि एक शून्य, अशी ३७ घरं. एका नंबरवर लावलं आणि आलं तर ३५ पट मिळतात. ३६ पट मिळाले असते तर सामना बरोबरीत सुटला असता. त्या एका घराचा फरक म्हणजे २.७ टक्के, हा मालकाचा. चाकावर शून्यं दोन असतील तर तोच आकडा ५.२६ होतो, तेव्हा बसण्याआधी चाक बघा. २.७ ऐकून वाटतं, एवढंच? क्रेडिट कार्डवाले महिन्याला याहून जास्त घेतात! पण ग्यानबाची मेख अशी की हे टक्के खिशातल्या पैशांवर नाहीत, फिरलेल्या पैशांवर आहेत. तेच ते पैसे पुन्हा पुन्हा लागतात. मशीनवरच्या रूलेत ५ डॉलरच्या तासाला ६० फेऱ्या धरा: ३०० डॉलर फिरले, सरासरी ८ गेले. ही स्वस्त करमणूक झाली. पण ५० डॉलर लावून सहा तास बसलात तर सरासरी नुकसान पाचशे डॉलरच्या घरात. सरासरी हं, एखाद्या संध्याकाळी जिंकालही. बॅकरामध्ये ८ पट देणारा 'टाय' खुणावतो, त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका. तिथे मालकाचा वाटा १४ टक्क्यांच्या वर आहे.

पोहून झालं की ८ वाजता खाडीकाठी लेझर-कारंज्यांचा शो, मग हॉटेलच्या मागच्या बाजूनं गार्डन्स बाय द बेमध्ये चालत जाऊन पावणेनऊला त्या महाकाय झाडांचा प्रकाशखेळ. दोन्ही फुकट, आणि हे फुकट खरंच फुकट आहे. जेवायला मेट्रोनं दोन स्टेशनं, तेलोक आयर. लाउ पा सातच्या शेजारच्या गल्लीत रात्री गाड्या बंद करून साते भाजणारे टेबलं मांडतात. शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून खायचं, धूर कपड्यांना लागला तर लागू दे.

रविवारी उजाडायच्या आत पुन्हा पूल. सेल्फीवाले झोपलेले असतात, समोरच्या इमारतींचे दिवे एकेक विझत जातात. ११ ला चेक-आउट, बॅगा खाली ठेवून काचेच्या घुमटातलं क्लाउड फॉरेस्ट बघायचं, संध्याकाळी मुस्तफा सेंटर, रात्री फ्लाइट.

माझ्या पाकिटात मागच्या वेळी ४० डॉलर उरले होते. मुस्तफामध्ये त्यांचा काया जॅम, आईसाठी टायगर बाम आणि भाच्यासाठी एक अत्यंत निरुपयोगी रोबो आला.